परीक्षागृहाच्या दाराशी: एडिंबरा, मुंबई, नाशिक

१/
नाशिकमध्ये दिंडोरी रस्त्यावर, म्हसरूळ येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे. वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या अशा शाखांच्या राज्यभरातील विद्यार्थ्यांच्या परीक्षांचा कारभार येथून चालतो. परीक्षेचा हंगाम आला की एक जुनी तक्रार नव्याने कानी पडते: प्रश्नपत्रिका सर्वांना एक, परिस्थिती मात्र एक नाही.

२/
कुठे ऐन पेपरात वीज जाते, कुठे खिडकीखालून वरात जाते, कुणी रात्रपाळी संपवून थेट परीक्षेच्या बाकावर येऊन बसतो. या तक्रारीला वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते: ‘आमच्या वेळी याहून वाईट होते.’ हे उत्तर इतिहासाचा दाखला देते. म्हणून ते इतिहासाकडूनच तपासून घ्यायला हवे. त्या काळी नेमके काय होते, आणि ज्यांनी ते सोसले त्यांनी पुढे काय केले? आजच्या धाग्याचा विषय हाच. यात नाशिकचा एक दुवाही आहे, आणि तो बराचसा विस्मरणात गेला आहे.

३/
प्रारंभ एडिंबरापासून करू. १८६९ साली सोफिया जेक्स-ब्लेक आणि तिच्या सहकारी स्त्रियांनी एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकण्यासाठी प्रवेश मिळवला. त्या वर्षीच्या प्रवेश-परीक्षेस १५२ उमेदवार होते, त्यांत स्त्रिया पाच. आणि पहिल्या सातांत चार जागा स्त्रियांच्या. पुढे ‘एडिंबरा सेव्हन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या सात जणींत एडिथ पीची नावाची एक तरुणी होती. हे नाव लक्षात असू द्यावे. त्याचा प्रवास नाशिकपर्यंत येणार आहे.

४/
मुलामुलींनी एका वर्गात बसू नये म्हणून या स्त्रियांसाठी वेगळे वर्ग भरत. १८७० मध्ये रसायनशास्त्राच्या परीक्षेत पहिल्यांदाच बसणाऱ्यांमध्ये पीची सर्वांत पुढे राहिली. त्या यशाला ‘होप शिष्यवृत्ती’ मिळण्याची प्रथा होती. तिला ती नाकारली गेली. कारण असे दिले की ती वेगळ्या वर्गात शिकली, म्हणून मूळ वर्गाची सदस्य नव्हे. वेगळे बसवले कोणी, हा प्रश्न कोणी विचारला नाही. मौज अशी की या शिष्यवृत्तीचा निधी प्राध्यापक होप यांनी अनेक वर्षांपूर्वी स्त्रियांसाठी दिलेल्या व्याख्यानांच्या उत्पन्नातून उभा राहिला होता.

५/
आता १८ नोव्हेंबर १८७०, शुक्रवार. शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेसाठी या विद्यार्थिनी ‘सर्जन्स हॉल’कडे निघाल्या. रस्त्यात शेकडोंचा जमाव उभा होता. शिव्या, चिखल, कचरा यांचा वर्षाव झाला आणि हॉलचे फाटक त्यांच्या तोंडावर बंद करण्यात आले. आतल्या एका सहानुभूतीदाराने दार उघडले तेव्हा कुठे त्यांना प्रवेश मिळाला. परीक्षा सुरू असतानाच कोणीतरी एक मेंढी आत ढकलली. प्राध्यापक हँडीसाइड यांनी तिला आतच राहू दिले. तिला पाठवणाऱ्यांपेक्षा तिला अधिक अक्कल आहे, असा त्यांचा अभिप्राय सांगितला जातो.

६/
चिखलाने माखलेल्या कपड्यांनिशी त्या सर्व जणींनी परीक्षा दिली. ‘आमच्या वेळी याहून वाईट होते’ म्हणणाऱ्यांना ही कथा बहुधा एवढीच हवी असते: पाहा, दंगलीतही पेपर लिहिला, तुम्ही पंख्यावाचून अडता! परंतु कथा येथे संपत नाही. परीक्षा दिल्यानंतर त्यांनी जे केले ते अधिक महत्त्वाचे आहे. त्या गप्प बसल्या नाहीत.

७/
जेक्स-ब्लेकने जाहीर सभेत दंगलीतील एका प्राध्यापकाच्या साहाय्यकाच्या सहभागाबद्दल वाच्यता केली. त्याने बदनामीचा दावा लावला. न्यायालयाने तिच्याविरुद्ध निकाल दिला, पण नुकसानभरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. खटल्याचा प्रचंड खर्च मात्र तिच्या माथी आला. तो लोकवर्गणीने फिटला. १८७३ मध्ये आणखी मोठा आघात झाला: विद्यापीठाला या स्त्रियांना पदवी नाकारण्याचा अधिकार आहे, असा निर्णय स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयाने दिला. चार वर्षांचे शिक्षण पदवीविना राहिले.

८/
मग त्यांनी दोन वाटा धरल्या. पहिली, परीक्षा दुसरीकडे देण्याची. पीचीने जानेवारी १८७७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे, तेही जर्मन भाषेत, परीक्षा दिली आणि त्याच वर्षी डब्लिनमध्ये वैद्यकीय परवाना मिळवला. दुसरी वाट, मागून येणाऱ्यांसाठी दार बांधण्याची. १८७४ मध्ये जेक्स-ब्लेकच्या पुढाकाराने ‘लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन’ स्थापन झाले. १८७६ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून परवाना देणाऱ्या संस्थांना स्त्रियांची परीक्षा घेण्याची मुभा दिली. मुभाच, सक्ती नव्हे.

९/
येथून कथा मुंबईला येते. स्त्रियांवर स्त्री-डॉक्टरांनी उपचार करावेत यासाठी अमेरिकी व्यापारी जॉर्ज किट्रेज आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी निधी उभारला होता. त्यांच्या निमंत्रणावरून एडिथ पीची डिसेंबर १८८३ मध्ये मुंबईत दाखल झाली. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले व त्याची धुरा तिच्याकडे आली. एडिंबरात जिला वर्गाची सदस्य मानले गेले नाही, ती मुंबईत एका रुग्णालयाची प्रमुख झाली.

१०/
त्याच सुमारास मुंबईत एक खटला गाजत होता. बालपणी विवाह झालेल्या रखमाबाईंनी पती दादाजी भिकाजी यांच्याकडे नांदण्यास नकार दिला. १८८४ मध्ये दावा दाखल झाला. १८८७ मध्ये न्यायालयाचा आदेश आला: नांदायला जा, अन्यथा सहा महिने कारावास. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन केलेले डॉ. सखाराम अर्जुन हे त्यांचे सावत्र वडील. वैद्यकाचे वातावरण घरातच होते. आणि रखमाबाईंच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांत डॉ. एडिथ पीची होती.

११/
१८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्यांनी लंडनच्या त्याच स्त्री-वैद्यकीय विद्यालयात शिक्षण घेतले. परंतु शिकणे एक आणि परीक्षा दुसरी. लंडनमधील वैद्यांचे आणि शल्यवैद्यांचे रॉयल कॉलेज त्या काळी स्त्रियांना परीक्षेला बसूच देत नव्हते. ती दारे विसाव्या शतकाचे पहिले दशक सरत येईतो उघडली नाहीत. शिकायचे लंडनला आणि परीक्षेसाठी बोचके उचलून परमुलुखात जायचे, हाच तेथील अनेक विद्यार्थिनींचा परिपाठ होता.

१२/
रखमाबाईंनी एडिंबरा व ग्लासगो येथील संस्थांचा संयुक्त परवाना १८९४ मध्ये मिळवला, ब्रुसेल्सची एम.डी. पदवीही घेतली. येथे क्षणभर थांबावे. १८७० मध्ये ज्या सर्जन्स हॉलचे फाटक बंद झाले, तो हॉल एडिंबराच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचा. चोवीस वर्षांनी मुंबईच्या या स्त्रीला मिळालेल्या परवान्यावर त्याच संस्थेची मोहोर होती. मधल्या काळात दार आपोआप उघडले नव्हते. पीची आणि तिच्या सोबतिणींनी ते ढकलत ठेवले होते.

१३/
या प्रसंगी आनंदीबाई जोशी यांचे स्मरण अपरिहार्य आहे. त्यांच्यापुढे दार उघडे होते. फिलाडेल्फियाच्या ‘विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ने, विशेषतः तेथील डीन रेचल बॉडली यांनी, त्यांना सन्मानाने प्रवेश दिला. अडचण निराळी होती: कडाक्याची थंडी, न मानवणारे अन्न, नऊवारी नेसण्याचा निश्चय आणि वारंवार येणारे आजारपण. ११ मार्च १८८६ रोजी, वयाची एकविसावी पूर्ण होण्याआधी, त्या डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

१४/
आनंदीबाईंची कथा आपण शाळेत ‘जिद्द’ या मथळ्याखाली वाचतो. जिद्द होतीच. पण जिद्दीचा गौरव करताना तिची किंमत कोणी व कशाने चुकवली, हे वगळले की इतिहास सुभाषित होतो. प्रतिकूल परिस्थितीत परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे ती परिस्थिती योग्य होती असे नव्हे. उत्तीर्ण झालेल्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत; त्याच परिस्थितीत जे मागे राहिले त्यांची नावे कोणत्याच पुस्तकात नाहीत.

१५/
अभ्यासकाला येथे साधनांची एक मोठी उणीव जाणवते. विद्यापीठांची दफ्तरे पाहिली तर त्यांत उमेदवाराचे नाव, क्रमांक, गुण, श्रेणी सारे मिळते. दिवा होता का, बाहेर गोंगाट होता का, उमेदवार तापाने फणफणलेला होता का, हे मिळत नाही. निकालपत्र निकालच जतन करते. परिस्थिती जतन करीत नाही. सर्जन्स हॉलची दंगल आपल्याला ज्ञात आहे ती वृत्तपत्रे, न्यायालयीन कागद आणि त्या स्त्रियांनी स्वतः लिहून ठेवलेल्या हकिकतींमुळे. त्यांनी लिहिले नसते तर त्या दिवसाची नोंद गुणपत्रकापुरती उरली असती.

१६/
आता नाशिकचा दुवा. १८८९ मध्ये एडिथ पीचीचा विवाह हर्बर्ट मसग्रेव्ह फिप्सन यांच्याशी झाला. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हे अनेक वर्षांचे सचिव, डॉ. सखाराम अर्जुन त्याच संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. नाशिकजवळ स्त्रिया व मुलांसाठी ‘पीची-फिप्सन’ या नावाचे आरोग्यधाम उभे राहिले. चौदा इमारतींचा हा परिसर १९६४ पर्यंत चालू होता. चिखल झेलून परीक्षा देणाऱ्या त्या विद्यार्थिनीचे नाव नाशिकच्या हवेत अशा रीतीने दीर्घकाळ वावरले.

१७/
पुढे १९९८ मध्ये याच नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आले. तोवर राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये मुंबई, पुणे, नागपूर अशा निरनिराळ्या विद्यापीठांशी संलग्न होती; परीक्षा व मूल्यमापन त्या त्या विद्यापीठाचे. नव्या विद्यापीठाने राज्यासाठी एकच परीक्षा आणली. समतेच्या दृष्टीने हे मोठे पाऊल होते. पण त्यामुळेच एक भेद अधिक ठळक झाला: महानगरातले केंद्र आणि आडगावचे केंद्र यांना प्रश्नपत्रिका एकच मिळते, इमारत, वीज आणि शांतता तीच मिळेल याची हमी मात्र प्रश्नपत्रिका देऊ शकत नाही.

१८/
एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे या विद्यापीठाच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या आणि जूनमध्ये त्या प्रत्यक्ष केंद्रांवर घेतल्या गेल्या. राज्यभर रुग्णालये भरलेली, घरोघरी आजार, आणि अशा दिवसांत मुखपट्टी बांधून तीन-तीन तास पेपर लिहिणे, हा अनुभव या पिढीचा आहे. परीक्षा घ्यावी की न घ्यावी यावर तेव्हा तीव्र मतभेद होते. डॉक्टरांची गरज खरी होती आणि विद्यार्थ्यांची भीतीही खरी होती.

१९/
या सर्व प्रसंगांत एक भेद करणे आवश्यक वाटते. एडिंबरात परिस्थिती बिघडवली ती द्वेषाने. फिलाडेल्फियात ती बिघडली परक्या हवामानाने. २०२१ मध्ये साथीने. द्वेषाविरुद्ध लढावे लागते, हवामान व साथ यांच्याशी जुळवून घ्यावे लागते. पण आजच्या बहुतेक तक्रारी चौथ्या प्रकारच्या आहेत: दुर्लक्षाच्या. नादुरुस्त जनित्र, डगमगते बाक, उशिरा उघडलेली खोली. येथे जमाव नसतो, मेंढी नसते, म्हणून कथाही होत नाही. आणि कथा होत नाही म्हणूनच दुर्लक्ष टिकून राहते.

२०/
मग विद्यार्थ्याने करावे काय? पूर्वसूरींच्या वर्तनात क्रम स्पष्ट दिसतो. प्रथम पेपर पूर्ण करणे. कारण त्या तीन तासांत हाती तेवढेच असते. मग त्याच दिवशी लेखी नोंद: तारीख, वेळ, खोली, किती मिनिटे गेली, सोबत कोण होते. ती नोंद केंद्रप्रमुखांकडे सामूहिकपणे देणे आणि तिची पोच घेणे. एकट्याची तक्रार कुरकुर ठरते. चाळीस सह्यांचा अर्ज हा दस्तऐवज असतो. शेवटी, स्वतः परीक्षक किंवा केंद्रप्रमुख झाल्यावर ते विसरू नये. पीचीने कामा रुग्णालयाची धुरा सांभाळताना आपले एडिंबरा विसरले नाही. रखमाबाईंना त्याचाच लाभ झाला.

२१/
६ जुलै २०१९ रोजी एडिंबरा विद्यापीठाने त्या सात जणींना मरणोत्तर वैद्यकीय पदवी बहाल केली. त्यांच्या वतीने ती स्वीकारली तेव्हा तेथे शिकणाऱ्या विद्यार्थिनींनी. अर्जाला उत्तर यायला जवळपास दीडशे वर्षे लागली. एवढा विलंब कोणाच्याही वाट्याला येऊ नये. पण अर्ज झालाच नसता तर उत्तर द्यायचे कोणाला, हे त्या विद्यापीठाला उमगलेही नसते.

२२/
‘आमच्या वेळी याहून वाईट होते’ हे वाक्य खरे आहे. मात्र ज्यांच्या वेळी ते खरोखरच वाईट होते, त्यांनी ते वाक्य पुढच्यांना गप्प करण्यासाठी वापरले नाही. त्यांनी विद्यालये काढली, रुग्णालये चालवली आणि मागून येणारीचा हात धरला. परीक्षार्थी मित्रमैत्रिणींना शुभेच्छा. आपल्या जिल्ह्यातील जुन्या वैद्यकीय संस्थांविषयी, विशेषतः नाशिकच्या पीची-फिप्सन आरोग्यधामाविषयी, कोणाच्या घरी आठवणी, छायाचित्रे वा कागदपत्रे असतील तर खाली अवश्य लिहावे. धागा समाप्त.