घोड्याची हाताळणी व तपासणी

पशुवैद्यकाने घोडा आवरून, निरखून आणि हाताने चाचपून करायची पाहणी. अंबरनाथच्या आनंदनगरपासून या कामाचे सर्वांत जवळचे मोठे क्षेत्र म्हणजे माथेरान. रेल्वेने बदलापूरनंतर वांगणी, शेलू, मग नेरळ. तिथून घाट चढला की दस्तुरी नाक्यावर मोटारी थांबतात आणि पुढची वाहतूक बरीचशी घोड्यांवर चालते. राज्यात या विद्येचे जुने केंद्र परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १८८६).

घोडा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. कपाळाच्या अगदी पुढचे आणि थेट शेपटामागचे त्याला दिसत नाही. म्हणून बोलत बोलत डाव्या खांद्याकडून जावे आणि पहिला हात मानेवर ठेवावा. मोरखीचा दोर हाताला गुंडाळू नये. घोडेवाला आणि डॉक्टर एकाच बाजूला उभे असावेत: घोडा बिथरला तर तोंड आपल्याकडे ओढताच त्याचे पुठ्ठे, आणि त्यांबरोबर लाथही, दूर जातात. धाकदपटशाने आवरलेल्या घोड्याची नाडी विश्वासाची नसते. भीतीने वाढलेले ठोके पोटशूळाचे वाटू शकतात.

शांत उभ्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. खालच्या जबड्याच्या कडेला आतून बोट फिरवले की दोरीसारखी रक्तवाहिनी लागते, तिथे ती मोजतात. श्वास ८ ते १६, तापमान सुमारे ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस. हिरडी दाबून सोडली की दोन सेकंदांत गुलाबी व्हावी. दोन्ही कुशींना स्टेथोस्कोप लावून आतड्यांची गुरगुर ऐकावी. पोट गप्प असेल तर वेळ दवडू नये: घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे तुंबलेले जठर फुटू शकते.

माथेरानच्या घोड्यांत पाय आणि पाठ यांना सर्वाधिक वेळ द्यायला हवा. तिथल्या रस्त्यांच्या पेव्हर ब्लॉकवर घोडे घसरतात हे अश्वपालांचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आहे. घोडा सरळ रेषेत दुडका चालवून पाहावा. दुखरा पुढचा पाय टेकताना तो डोके वर उचलतो. मग चारही खूर उचलून, खरवडून नालेचे खिळे, भेगा आणि ऊब पाहावी. खोगीर उतरवल्याशिवाय तपासणी पुरी झाली असे मानू नये, कारण जखमा त्याखालीच असतात.

नाकातून चिकट स्राव आणि कातडीवर गाठी दिसल्यास हातमोजे व मास्कशिवाय पुढे जाऊ नये. तो ग्लँडर्स हा संसर्गजन्य रोग असू शकतो. तो माणसालाही होतो. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा घोड्याची वर्दी पशुसंवर्धन यंत्रणेला देणे बंधनकारक आहे.