बार्शीच्या वाटेवरची सोबत

धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीसारख्या गावात कुणाच्या घरी ‘मोठा आजार’ निघाला की डॉक्टरांची चिठ्ठी कपाटात जाते आणि चौकशी सुरू होते. हा आपल्याकडं कुणाला झालता का? झालेलं माणूस आता कुठंय? पाहुण्यारावळ्यांत, जावेच्या माहेरी, बाजाराच्या गावात कुणीतरी सापडतंच. मग फोन लागतो. कुठल्या दवाखान्यात गेला होता, लाईट किती दिवस दिली, जेवण जायचं का, कार्डावर सगळं बसलं की पदरचे घालावे लागले? केस परत आले का, हा प्रश्न बहुधा बायका विचारतात, आणि तोही बाकीचे उठून गेल्यावर.

मुंबई-पुण्यात याच कामासाठी संस्था आहेत, सभा होतात, स्वयंसेवक असतात. धाराशिवच्या खेड्यांत यातलं काही नाव घेऊन आलं नाही. पण कॅन्सर झालेल्यानं कॅन्सर झालेल्याला धीर द्यायची रीत इथेही घडत गेली, आणि ती घडण्यामागे एक शहर आहे. ते शहर म्हणजे जिल्ह्याबाहेरचं, सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी.

बार्शी आणि धाराशिव यांच्यामध्ये एकेकाळी राज्यांची सरहद्द होती. बार्शी इंग्रजांची, अलीकडचा सगळा मुलूख निजामाचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये कुर्डुवाडीकडून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची रेल्वे आणली. १९११ पर्यंत ती येडशीवरून लातूरला पोचली. धाराशिव शहर तिच्या वाटेत नव्हतं. तरी धान्य, सरकी, तेलबिया आणि आजारी माणसं बार्शीकडेच जात. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य संपलं, पुढे मराठवाडा महाराष्ट्रात आला, लातूर १९८२ मध्ये वेगळा जिल्हा झाला, पण दवाखान्यासाठी पाय बार्शीकडे वळायचे ते वळतच राहिले.

या बार्शीत ऐंशीच्या दशकात कॅन्सरचं रुग्णालय उभं राहिलं. अभिनेत्री नर्गिस दत्त १९८१ मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं गेल्या होत्या. रुग्णालयाला त्यांचं नाव मिळालं. डॉ. भगवान नेने यांचं नाव या रुग्णालयाशी कायमचं जोडलं गेलं. तालुक्याच्या गावी कॅन्सरसाठी वेगळं रुग्णालय असणं आजही नवलाचं आहे, तेव्हा तर ते धाडसच होतं.

खरी गंमत १९८७ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी बार्शीत कॅन्सरची नोंदणी सुरू झाली, आणि ग्रामीण भागातली ती देशातली पहिली नोंदणी ठरली. मुंबईची नोंदणी १९६३ पासून चालू होती. पण शहरात कारकून दवाखान्यांत जातो, कागद चाळतो, आकडे उतरवून घेतो. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांत उतरवून घ्यायला कागदच नव्हते. माणूस घरात झिजायचा, घरातच जायचा. मग नोंदणीची माणसं गावोगाव फिरू लागली. सरपंच, शिक्षक, दाई, आरोग्यसेवक अशा सगळ्यांशी बोलायचं, चावडीवर बैठक घ्यायची, अंगावरून जाणं, न भरणारी जखम, गिळताना अडकणं ही लक्षणं सांगायची आणि शंका आली त्या माणसाला बार्शीला आणायचं. मोजायला गेलेल्यांना आधी बोलावं लागलं. काही वर्षांतच त्याचा परिणाम दिसला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात पोचू लागल्या. कुठलंही नवं औषध न येता हे घडलं होतं.

या गावबैठकांत सगळ्यात उपयोगी पडणारं माणूस कोण असेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. उपचार घेऊन परत आलेली, पुन्हा रानात खुरपायला जाणारी बाई गावात एक जरी असली, तरी पोस्टरं गुंडाळून ठेवावीत.

बेंबळी त्या तीन तालुक्यांत नव्हती. पण १९९९ च्या ऑक्टोबरात बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑन शहरातली कॅन्सर संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातच मोठा प्रयोग हाती घेतला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी बायका, गावांचे ५२ समूह, चार गट. एका गटात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात सौम्य व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा आणि तपासणी कुठे होते याची माहिती, एवढंच.

निकाल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला आणि जगभर गाजला. एचपीव्ही चाचणीच्या गटात पुढच्या टप्प्याला गेलेले कॅन्सर ३९, तपासणी नसलेल्या गटात ८२. मृत्यू एकीकडे ३४, दुसरीकडे ६४. एकदाच केलेल्या चाचणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे जगाला उस्मानाबादच्या बायकांनी दाखवलं. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवणं न्याय्य होतं का, यावर पुढे वाद झाला. ते ६४ मृत्यू वाचताना तो वाद पुस्तकी वाटत नाही.

या प्रयोगाची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. बोलावलेल्या पाचांतल्या जवळजवळ चार बायका तपासणीला आल्या. सुईण सोडून कुणालाही न दाखवलेला अवयव तपासून घ्यायला, काही दुखत नसताना, हजेरी बुडवून. महिला आरोग्यसेविका घरोघर जाऊन समजावत होत्या, हे एक कारण. पण बायकांना घोळक्यानं बाहेर पडायची सवय लागली होती, हेही असावं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानं लातूर आणि उस्मानाबादची गावं जमीनदोस्त झाली. पुढच्या पुनर्वसनात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’नं गावातल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. घराचा पाया किती खोल हवा, हप्ता का अडला, यावर त्या अधिकाऱ्यांशी बोलू लागल्या. तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यातल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. त्याआधी, १९७० पासून, भूमच्या सीमेपलीकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी हेच करून दाखवलं होतं. बाईनं बाईला सांगितलेलं पटतं, हे या पट्ट्यात नवं राहिलं नव्हतं.

तपासणीला कोण आलं नाही, तेही संशोधकांनी पाहिलं. आलेल्यांत तरुण, थोड्याफार शिकलेल्या आणि नवरा असलेल्या बायका जास्त. मागे राहिल्या त्या वयानं मोठ्या, निरक्षर आणि एकट्या. म्हणजे ज्यांना सोबतीची गरज जास्त, त्याच यादीतून गळाल्या. मराठवाड्यात पुढे एकल महिला संघटना उभी राहिली. विधवा आणि टाकलेल्या बायकांना तिनं एकत्र बसवलं. रेशनकार्ड आणि जमिनीचा हक्क हे तिचे विषय. दुखण्याचं बोलणं त्यांच्या मागून येतं.

स्तनाच्या कॅन्सरला निदान दिसणारी खूण असते. न्यूयॉर्कमध्ये १९५२ साली टेरिस लॅसर या बाईंची शस्त्रक्रिया झाली आणि नंतर हात कसा हलवायचा, कपड्यांचं काय करायचं, हे सांगायला कुणीच नाही असं त्यांच्या लक्षात आलं. त्या स्वतःच दुसऱ्या रुग्णांच्या खाटांजवळ जाऊ लागल्या. सोबत रबरी चेंडू आणि दोरी, व्यायामासाठी. डॉक्टर मंडळींना ही लुडबुड मुळीच रुचली नाही. त्यातून ‘रीच टू रिकव्हरी’ ही चळवळ झाली आणि देशोदेशी पसरली. गर्भपिशवीच्या तोंडाशी झालेल्या कॅन्सरला असा चेंडूही नाही आणि दोरीही नाही. तो बाहेरून दिसत नाही आणि त्याचं नाव चारचौघांत घेता येत नाही. उपचारानंतर संसारात काय बदलतं, हे तर सख्ख्या बहिणीलाही सांगायची चोरी. धाराशिवकडच्या बायकांचा प्रमुख कॅन्सर अनेक वर्षं हाच होता. इथली सोबत मुकी राहिली, याचं मोठं कारण हे.

मग ती जमायची कुठे? मशीनच्या दाराशी. किरणोपचार, म्हणजे पेशंटच्या भाषेत लाईट किंवा शेक, एका दिवसात संपत नाहीत. गर्भाशयमुखासाठी आठवड्याचे पाच दिवस, साधारण पाच आठवडे, पंचवीसेक वेळा जावं लागतं. रोज तीच वेळ, तोच बाक, तीच माणसं. ‘अक्का, तुमचं कितवं?’ ‘माझं अठरावं. तुमचं?’ ‘तिसरंच हाय.’ ‘मग पाणी लई पीत जावा, आन् लघवीला जळजळलं तर लाजू नका, सिस्टरला सांगा.’ समुपदेशनाचा अख्खा तास या चार वाक्यांत होऊन जातो. डब्यातली भाकरी वाटली जाते, एकीच्या नवऱ्यानं दुसरीची औषधं आणलेली असतात. कुठल्याही संस्थेनं ही मैत्री ठरवून घडवलेली नाही. मशीनचे नंबर लावणाऱ्या रजिस्टरनं ती घडवली.

ज्यांना मुंबई गाठावी लागली, त्यांची सोबत धर्मशाळेत झाली. परळचं टाटा मेमोरियल १९४१ मध्ये उघडलं, आणि रुग्ण राहणार कुठे हा प्रश्न तेव्हापासून परळच्या फुटपाथवर झोपलेला आहे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन. मराठवाड्यातून पहिल्यांदा मुंबईला आलेल्या माणसाला कुठल्या खिडकीवर फाइल द्यायची, कुठल्या ट्रस्टचा फॉर्म कधी मिळतो, लोकलमधून रुग्णाला कसं उतरवायचं, हे तिथं शेजारच्या खाटेवरचा माणूस शिकवतो. श्यामा आणि निहाल कविरत्ने यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या सेंट ज्यूड केंद्रांत लहान मुलांचे आईबाप एकाच स्वयंपाकघरात आपापल्या शेगडीवर शिजवतात. बंगालची आई आणि बीडची आई, मध्ये तवा. मुलाचं रक्त आज किती भरलं, ते बोलायला भाषा फारशी लागत नाही.

संघटित रूप आलं तेही मुंबईतच. १९६९ मध्ये वाय. के. सप्रू यांनी कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन काढली. वंदना गुप्ता यांनी स्वतः कॅन्सरमधून उठल्यावर १९९४ मध्ये व्ही केअर सुरू केलं. या संस्थेच्या स्वयंसेवकांत अनेकजण आजारातून उठलेले. उपचार संपलेल्या मुलांसाठी टाटामध्ये १९९१ पासून वेगळं क्लिनिक चालतं, आणि इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधारानं २००९ मध्ये ‘उगम’ हा वाचलेल्या तरुणांचा गट तयार झाला. लहानपणी कॅन्सर झाला होता हे नोकरीत सांगायचं का, लग्न ठरवताना सांगायचं का, असल्या प्रश्नांची उत्तरं त्यांनी एकमेकांत शोधली. डॉक्टरांना हे प्रश्न सुचणं अवघड.

पुरुषांकडे यायला हवं. तोंडाच्या कॅन्सरला चेहऱ्यावरची खूण असते, आणि तंबाखू-गुटख्याची अपराधी भावनाही. शरद पवारांना २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत तोंडाचा कॅन्सर निघाला. पुढे त्यांनी आपल्या सवयीबद्दल जाहीर सभांतून सांगितलं, आणि धाराशिव-सोलापूरच्या पुरुषांनी ते जितकं मनावर घेतलं, तितकं पाकिटावरचं चित्र क्वचितच घेतलं असेल. टाटाचे डॉ. पंकज चतुर्वेदी यांनी तर तंबाखूच्या रुग्णांनाच बोलतं केलं, पुढाऱ्यांसमोर उभं केलं. जबडा गेलेला माणूस आमदाराला ‘तुमच्या मतदारसंघातला आहे’ असं सांगतो, तेव्हा फाइल पुढे सरकते. महाराष्ट्रात २०१२ च्या जुलैत गुटखाबंदी झाली. गुटखा कुठल्या टपरीवर मिळतो, हे गावातल्या पोरालाही ठाऊक आहे, तो भाग निराळा.

पैशाचं गणितही याच सोबतीतून सुटतं. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात सोलापूर होतं, उस्मानाबाद नव्हतं. त्यामुळे बार्शीच्या एकाच बाकावर बसलेल्या दोघींपैकी बार्शी तालुक्यातलीला योजना लागू आणि उस्मानाबादकडचीला नाही, अशी स्थिती नोव्हेंबर २०१३ पर्यंत होती. जुनी सरहद्द अशी मध्येच डोकं वर काढते. आता योजनेला महात्मा फुल्यांचं नाव आहे. कुठला कागद लागतो, ते आरोग्यमित्राच्या आधी शेजारीण सांगते.

उपचार संपले की मात्र ही साखळी तुटते. पंचविसावी लाईट झाली की एकजण परांड्याला, एकजण कळंबला, एकजण बेंबळीला. पुढची भेट फॉलोअपची, तीही तारखा जुळल्या तर. दर तीन महिन्यांनी पोटात येणारा गोळा, पाय सुजले की उठणारी शंका, ‘आता बरी झालीस की’ म्हणून पुन्हा अंगावर पडलेलं घरचं काम, हे सारं जिनं भोगलंय ती चाळीस किलोमीटर दूर असते. गावात बचत गट आहेत, महिन्याला बैठक होते, कर्जाचा हप्ता आणि शिलाई मशीनचा विषय निघतो. आशाताई घरोघर जाऊन फॉर्म भरतात. त्यात तोंडातला चट्टा, स्तनातली गाठ, अंगावरून जाणारं रक्त यांचे प्रश्न आहेत, उपचारांतून परतलेलीची विचारपूस करायचा रकाना नाही. बीड आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांची मिळून आता कॅन्सर नोंदणी आहे, म्हणजे बेंबळीतला रुग्णही मोजला जातो. बार्शीच्या नोंदणीनं ३४६ गावांत आकडा लिहिण्याआधी बैठक घेतली होती. ती बैठक बचत गटाच्या महिन्याच्या सभेत, बरी झालेल्या दोघीतिघींना भाडं देऊन बोलावून, पुन्हा घेता येईल. खर्च एसटीच्या तिकिटाचा आणि चहाचा.