मैदानावरची शिवी: खेळाला की जन्माला?

२ जून २०१८ रोजी भारतीय फुटबॉल संघाचा कर्णधार सुनील छेत्री याने समाजमाध्यमांवर एक छोटी चित्रफीत टाकली. आदल्या दिवशी अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात भारताने चायनीज तैपेईला ५-० असं हरवलं होतं. छेत्रीने स्वतः तीन गोल केले होते आणि ते पाहायला जेमतेम २,५६९ प्रेक्षक आले होते. छेत्री कळकळीने सांगत होता की आमच्यावर टीका करा, ओरडा, शिव्यासुद्धा घाला, पण मैदानात येऊन घाला. दोनच दिवसांनी केनियाविरुद्धचा सामना झाला. तो छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. भर पावसात मैदान गच्च भरलं.

खुद्द कर्णधारानेच शिव्यांची मुभा दिली, मग सामन्यात शिवी दिली तर बिघडलं कुठे? मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. दहावीच्या मुलांनी हा सवाल मला वर्गात विचारला आहे. मुलं प्रामाणिक असतात. त्यांचं म्हणणं असं की तिकीट काढलंय, घसा आपला आहे, आणि फुटबॉल काही मुशायरा नव्हे. या सवालाला ‘शिवी वाईट, देऊ नये’ एवढंच उत्तर देणं सोपं आहे. त्याने कुणाचं समाधान होत नाही. म्हणून मुंबईच्या मैदानांचा इतिहास जरा तपासून पाहू.

आधी शब्दांचं बघू, कारण तो माझा रोजचा धंदा आहे. मराठीत टोमणा वेगळा, खिल्ली वेगळी, हुर्यो उडवणं वेगळं आणि शिवी वेगळी. उर्दूतही तंज, फिकरा आणि गाली यांची सरमिसळ कुणी करत नाही. टोमणा माणसाच्या करणीवर असतो. गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटला, ‘अरे, हाताला तेल लावून आलास का’ असं कुणीतरी ओरडलं, तर त्याला त्याचं उत्तर देता येतं. पुढचा चेंडू अडवला की टोमणा मारणाऱ्याचं तोंड बंद. आई-बहिणीवरून, जातीवरून, धर्मावरून दिलेल्या शिवीला असं उत्तर देता येत नाही. चांगलं खेळून कुणाची आई बदलत नाही, जातही बदलत नाही.

आपल्या समाजाला शिवीचं वावडं होतं असंही नाही. शिमग्याला बोंब मारायची मुभा गावोगाव होती. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यातल्या सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. त्याला ‘बोरीचा बार’ म्हणतात. पण त्या शिवीगाळीला दिवस ठरलेला आहे, जागा ठरलेली आहे आणि दोन्ही काठांना सारखाच हक्क आहे. दिवस मावळला की दोन्ही गावं पुन्हा शेजारी. मैदानातल्या शिवीत ही बरोबरी नसते. स्टँडमध्ये हजारो गळे असतात आणि समोर सीमारेषेवर एकटा खेळाडू. तो उलट बोलला तर शिक्षा त्यालाच होते.

आता मुंबईच्या मैदानांकडे येऊ. चर्नी रोड ते मरीन लाइन्स लोकलच्या खिडकीतून समुद्राकडे पाहिलं की पारशी, इस्लाम आणि हिंदू असे तीन जिमखाने ओळीने दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रत्येक समाजाला आपापला जिमखाना मिळाला आणि क्रिकेटची स्पर्धाही त्याच हिशेबाने वाढली. आधी युरोपीय विरुद्ध पारशी असे सामने होत. १९०७ साली हिंदूंचा संघ आला, १९१२ साली मुसलमानांचा आला आणि स्पर्धा चौरंगी झाली. १९३७ साली ख्रिस्ती वगैरे उरलेल्यांचा ‘द रेस्ट’ हा संघ मिळून ती पंचरंगी झाली. गिरगावच्या चाळींपासून मोहम्मद अली रोडपर्यंत अख्खं शहर या सामन्यांची वाट पाहत असे.

खेळाडूंमध्ये वैर होतं असं म्हणता येणार नाही. विजय मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी १९३६ साली मँचेस्टरच्या कसोटीत भारतासाठी २०३ धावांची सलामी दिली. दोघांचीही शतकं झाली. तेच दोघे मुंबईच्या स्पर्धेत एकमेकांविरुद्ध उभे राहत, एक हिंदू म्हणून आणि दुसरा मुस्लिम म्हणून. इंग्लंडमध्ये जोडीदार असलेली माणसं मुंबईत आल्यावर आपापल्या धर्माची होत.

प्रेक्षकांची विभागणीही याच धर्तीवर झाली. ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ साली उघडलं, तेव्हा जिमखान्यांना किती जागा द्यायच्या यावरून वाद पेटला. आपल्याला कमी जागा मिळाल्या म्हणून त्या वर्षी हिंदूंचा संघ स्पर्धेत उतरलाच नाही. भांडण खुर्च्यांचं होतं, पण त्या खुर्च्यांवर कुणाचा समाज बसणार हे आधीच ठरलेलं होतं. संघ धर्माचा, स्टँडही धर्माचा. अशा ठिकाणी ‘हा लेकाचा झेल सोडतो’ हे साधं वाक्यसुद्धा खेळाडूवर थांबत नाही. ते त्याच्या मागे बसलेल्या सगळ्यांना जाऊन लागतं.

हे ओळखणारी माणसं तेव्हाही होती. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींचा सल्ला घ्यायला गेली. कॉलेजांचे, संस्थांचे संघ समजू शकतो, पण हिंदू, पारशी, मुस्लिम असे संघ कशासाठी, हे मला कधी कळलंच नाही, अशा आशयाचं गांधीजी बोलले. या स्पर्धेविरुद्ध लिहिणाऱ्यांत ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. मुस्लिम संघ जिंकतो म्हणून मोहल्ल्यात आनंद होत असताना, धर्माचा संघ नको असं एका मुसलमान संपादकाने म्हणणं सोपं नव्हतं. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुस्लिम संघाने हिंदू संघाला एका गड्याने हरवलं. के. सी. इब्राहिम शेवटपर्यंत नाबाद राहिला. खेळ म्हणून तो सामना अप्रतिमच होता. तरीही १९४६ च्या जानेवारीनंतर ही स्पर्धा पुन्हा झाली नाही, आणि ते बरंच झालं असं मला वाटतं.

फुटबॉलमध्येही धर्माच्या नावाचे संघ होते. कूपरेजवरच्या रोव्हर्स कपमध्ये गोऱ्या पलटणींची सद्दी १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने मोडली. हा कप जिंकणारा तो पहिला भारतीय संघ. १९४० साली कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने तो जिंकला. या विजयांचा अभिमान जरूर बाळगावा. फक्त एवढं ध्यानात ठेवावं की नाव धर्माचं असलं की अभिमान जसा सगळ्या समाजाचा होतो, तशी शिवीही सगळ्या समाजाची होते.

आज संघ धर्माचे राहिले नाहीत. मग पंचरंगी संपली का? कागदावर संपली. पण स्टँडमधून एखाद्या खेळाडूला धर्मावरून किंवा रंगावरून शिवी जाते, त्या क्षणी ती पुन्हा सुरू होते. भारताच्या संघातून एक माणूस बाजूला काढून त्याला त्याच्या समाजाच्या संघात परत ढकललं जातं. माझ्या मते जन्मावरून दिलेली शिवी नेमकं हेच काम करते.

हा फरक पारखायला वानखेडे स्टेडियमवरचे तीन प्रसंग पुरेसे आहेत. मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकर एका धावेवर बाद झाला आणि शिवाजी पार्कात घडलेल्या या मुंबईच्या लाडक्या खेळाडूची त्याच्याच गावच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. १ एप्रिल २०२४ रोजी रोहित शर्माच्या जागी मुंबई इंडियन्सचा कर्णधार झालेल्या हार्दिक पांड्याची नाणेफेकीपासूनच हुर्यो सुरू झाली. सूत्रसंचालन करणाऱ्या संजय मांजरेकरांनी लोकांना नीट वागायला सांगितलं. पुढे क्षेत्ररक्षण करताना रोहितनेही हाताने ‘पुरे’ अशी खूण केली. या दोन्ही वेळचा आरडाओरडा मला कोता वाटला. पण राग धावांवर होता, कर्णधारपदाच्या निर्णयावर होता. तेंडुलकरने त्यानंतर याच मैदानावर विश्वचषक उंचावला आणि पांड्याने २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचं शेवटचं षटक टाकलं. दोघांनाही खेळून उत्तर देता आलं.

तिसरा प्रसंग १७ ऑक्टोबर २००७ चा. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला पाहून काही प्रेक्षकांनी माकडासारखे आवाज आणि हावभाव केले. त्याआधी वडोदऱ्यातही हेच घडलं होतं, तेव्हा सारवासारव झाली. वानखेडेवर छायाचित्रंच निघाली आणि काही जणांवर पोलिसांना कारवाई करावी लागली. सायमंड्सने शतक ठोकलं असतं तरी त्याचा वर्ण बदलणार नव्हता. पहिल्या दोन प्रसंगांना मी असभ्यपणा म्हणेन. तिसऱ्याला अन्यायाखेरीज दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

मुंबईच्या प्रेक्षकांना याच्या उलटंही वागता येतं. चांभार समाजात जन्मलेले पळवणकर बंधू हिंदू संघातून खेळले. बाळू पळवणकर संघाचा सर्वोत्तम गोलंदाज होता, पण जातीमुळे त्याला कर्णधारपद मिळालं नाही. १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला, संघ जिंकला आणि प्रेक्षकांनी विठ्ठलला खांद्यावर घेतलं. संघ निवडणाऱ्यांना जे जमायला सोळा वर्षं लागली, ते स्टँडमधल्या लोकांनी एका संध्याकाळी केलं. ३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नईत पाकिस्तानने भारताला १२ धावांनी हरवलं, तेव्हाही अख्खं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या पराभवानंतर मोहम्मद शमीवर समाजमाध्यमांवरून जे काही बरसलं, ते आपण सगळ्यांनी वाचलं. कर्णधार विराट कोहली त्याच्या बाजूने उभा राहिला आणि धर्मावरून कुणावर हल्ला करणं ही माणसाने करण्यासारखी सगळ्यात हीन गोष्ट आहे, असं जाहीरपणे म्हणाला. ती रात्र आपल्या घराघरात कशी गेली हे मी सांगायला नको. पण मग मला आपल्या पोरांनाही विचारायचं आहे. मोहल्ल्यातल्या स्पर्धेत समोरचा संघ हरायला लागला की आपल्या तोंडून जातीवाचक शब्द निघतो की नाही? सावळ्या पोराला रंगावरून हाक मारली जाते की नाही? सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची थट्टा करायला आणि वाईट नावांनी हिणवायला मनाई आहे. त्यात मैदानाला सूट दिलेली नाही.

आता या शिवीची सर्वांत मोठी किंमत मोजणाऱ्यांकडे वळते. त्या मैदानात दिसतच नाहीत. आपल्या बहुतेक शिव्या आई आणि बहिणीच्या नावाने असतात. इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर काही काळातच बायकांना फुटबॉलच्या मैदानात बंदी आली. दिलेल्या कारणांपैकी एक असं की तिथे पुरुष शिव्या देतात, ते वातावरण स्त्रियांना शोभत नाही. शिवी देणारा आत आणि जिच्या नावाने शिवी ती बाहेर. सहर खोदायारी ही तरुणी पुरुषाच्या वेषात सामना पाहायला गेली आणि पकडली गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये तिने कोर्टाबाहेर स्वतःला जाळून घेतलं, त्यातच ती गेली. महिन्याभराने, १० ऑक्टोबरला, तेहरानच्या आझादी स्टेडियमचे दरवाजे काही हजार बायकांना उघडले. इराणने कंबोडियाला १४-० असं हरवलं आणि त्या बायका ओरडून ओरडून घसा बसवून घरी गेल्या असतील, अशी माझी कल्पना आहे.

आपल्याकडे असा कायदा नाही. तरीही फुटबॉल खेळणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींना सामना पाहायला जायचं असलं की घरून हेच उत्तर मिळतं, ‘तिथे पोरं काय काय बोलतात, तू नको जाऊस.’ आई-वडिलांचं मला चुकीचं वाटत नाही. पण पोरांच्या जिभेची शिक्षा पोरींना का?

उपाय काय? इंग्लंडने १९९१ साली कायदा करून फुटबॉल सामन्यात अश्लील किंवा वंशद्वेषी घोषणा देणं गुन्हा ठरवला. स्पेनमध्ये व्हिनिसियस ज्युनियरला वर्णावरून शिवीगाळ करणाऱ्या तिघांना जून २०२४ मध्ये आठ महिन्यांची शिक्षा झाली. आपल्याकडेही सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील शब्दांबद्दल भारतीय न्याय संहितेत कलम २९६ आहे. पण प्रत्येक आरोळीमागे पोलीस धाडणं मला मान्य नाही. तसं झालं तर सर्वांत आधी कोणत्या मोहल्ल्याची पोरं उचलली जातील, हे आपण जाणतो.

कायद्याच्या आधी शेजारच्या खुर्चीचं काम असतं. एप्रिल २०१९ मध्ये चेल्सीच्या काही समर्थकांनी मोहम्मद सलाहला बॉम्ब फोडणारा म्हणणारं गाणं म्हटलं, तेव्हा त्यांच्याच क्लबने तिघांना स्टेडियमबाहेर ठेवलं. दुसरीकडे लिव्हरपूलचे समर्थक सलाहच्या मुसलमान असण्याचंच कौतुक करणारी गाणी रचत होते. तो तिथे आल्यानंतर त्या भागातले द्वेषाचे गुन्हे सुमारे १६ टक्क्यांनी घटले, असं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांना आढळलं. गर्दीच्या गळ्यात किती ताकद असते याचा हा पुरावा आहे.

म्हणून दहावीच्या मुलांना माझं उत्तर असं आहे. जा, ओरडा, पंचाच्या निर्णयावर वैतागा, पेनल्टी हुकवणाऱ्याची खिल्ली उडवा. छेत्रीने तुम्हाला बोलावलं ते खेळाशी भांडायला. फक्त तोंडून शब्द निघण्याआधी बघा की समोरच्याला पुढच्या दहा मिनिटांत चांगलं खेळून त्याचं उत्तर देता येईल का. येत नसेल तर तो शब्द गिळा, आणि शेजारचा बोलला तर त्याला गप्प करा. पुढच्या स्पर्धेला तुमच्या बहिणीही याव्यात अशी माझी इच्छा आहे. त्यांना काय ऐकू येणार, हे तुमच्या हातात आहे.