कान सोनाराने टोचावेत, जीभ कोणी?

काही वर्षांपूर्वी चिंचवड परिसरातील एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाच्या तोंडी परीक्षेसाठी आम्ही परीक्षक म्हणून बसलो होतो. एक विद्यार्थिनी लोकसाहित्यावर उत्तम बोलत होती. मात्र दर दोन वाक्यांआड धातू दातावर आपटल्याचा बारीक आवाज येई. जिभेच्या मधोमध तिने खडा बसवून घेतला होता. परीक्षा आटोपल्यावर आमच्यापैकी एकाने, मास्तरकीच्या सवयीने, ‘हे आपल्या संस्कृतीत बसत नाही’ असे तिला सुनावले. तिने शांतपणे विचारले, ‘सर, मग नथ कशी बसली?’

आम्ही निरुत्तर झालो. प्रस्तुत टिपण हे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

तिच्या प्रश्नात तथ्य होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील व्यासंगी संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस नथीच्या प्राचीनत्वावर एक निबंध लिहिला. जुने संस्कृत वाङ्मय आणि शिल्पे यांत नाकातील अलंकाराचा पुरावा सापडत नाही. तो सुमारे इसवी सन १०००च्या नंतरच दिसू लागतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे आज जी नथ मराठी लग्नाची ओळख बनली आहे, तीही कधीकाळी नवी फॅशनच होती. ‘संस्कृतीत बसत नाही’ हा आक्षेप त्या काळी कोणा आजीने नथीवरही घेतला असेल. तेव्हा केवळ नवेपणाच्या आधारावर जिभेतील खड्याला हरकत घेता येत नाही.

मग हरकत कशाच्या आधारावर घ्यावी? यासाठी टोचण्याचा इतिहास थोडा निराळ्या अंगाने पाहावा लागतो.

कर्णवेधाचे वर्णन सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात येते. बालकाचे रक्षण व्हावे आणि अलंकार घालता यावा, असे दोन हेतू तेथे सांगितले आहेत. परंतु आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते त्यापुढील विवेचन. टोचल्यावर निगा कशी राखावी, छिद्र हळूहळू कसे वाढवावे आणि कानाची पाळी फाटलीच तर ती कशी सांधावी, हे सारे त्यात आहे. सांधण्याचे तर पंधरा प्रकार दिले आहेत. टोचण्याबरोबरच टोचण्याच्या दुष्परिणामांचाही विचार आपल्या पूर्वजांनी केला होता. ‘कान सोनारानेच टोचावेत’ ही म्हण अशा अनुभवातूनच आली असावी. कुडी, बुगडी, भिकबाळी, नथ हे अलंकार शरीराच्या मऊ भागात बसतात. हलताना ते कोणत्याही कठीण अवयवावर आदळत नाहीत.

दुसरी परंपरा नवसाची. हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाच्या यात्रेत, चैत्र पौर्णिमेच्या सुमारास, गळकऱ्याच्या पाठीत लोखंडी गळ टोचतात आणि त्याला बगाडावर चढवतात. आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी त्यांच्या शेजारी ही यात्रा भरते. या प्रथेविषयी मतभेद असू शकतात. पण एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे: गळ त्याच दिवशी निघतो. नवसातील धातूला मुदत असते.

आता तोंडाकडे वळू. मराठी स्त्रीने तोंड सजवले ते रंगाने. सौभाग्यवतीच्या दातवणात हिरडा, मायफळ यांसारखे तुरट पदार्थ आणि लोहकीस असे. तुरट द्रव्य आणि लोह एकत्र आले की शाईसारखा काळा रंग तयार होतो, तोच दातांवर बसे. पुढे दातवण मागे पडले आणि भाजलेल्या तंबाखूची मिशरी घरोघर राहिली. ती दात घासण्यासाठी म्हणून आली आणि व्यसन होऊन बसली. तिचा हिशेब फार उशिरा मांडला गेला. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासून, तंबाखूच्या सवयी आणि तोंडातील कर्करोग व कर्करोगपूर्व लक्षणे यांच्याविषयीचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध केले. तोवर कित्येक पिढ्या मिशरी लावून होऊन गेल्या होत्या. तोंडातील हानी अशीच असते. ती सावकाश होते, दुखत नाही, आणि सवय जडल्यावर कळते.

जिभेतील खड्याची गोष्ट याच जातीची आहे. जीभ दिवसभर हलत असते आणि तिच्याभोवती दातांचे कुंपण आहे. खड्याची दांडी लांब असली तर तिचे टोक खालच्या पुढच्या दातांमागील हिरडीवर घासत राहते. मागच्या दाढांवर ते आपटते, कधी चावलेही जाते. ओठात टोचले असेल तर दातांच्या बाहेरच्या बाजूची हिरडी घासली जाते. धातूवर किटणही साचते. अमेरिकेतील हिरड्यांच्या विकारांना वाहिलेल्या एका नियतकालिकात २००२ साली ५२ प्रौढांच्या तपासणीवर आधारित अभ्यास प्रसिद्ध झाला. लांब दांडी दोन वर्षे किंवा अधिक काळ वापरणाऱ्यांपैकी ५० टक्के लोकांची आतल्या बाजूची हिरडी मागे सरकलेली आढळली. जीभ टोचून चार वा अधिक वर्षे झालेल्यांपैकी ४७ टक्के लोकांच्या दाढा-उपदाढांचे टवके उडालेले होते. संख्या लहान आहे, हे खरे. पण काळ वाढतो तशी हानी वाढते, ही दिशा स्पष्ट आहे.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. एका घावाने न तुटणारा लोखंडी भाग हजारो हलक्या ठोक्यांनी तडकतो, हे तो रोज पाहतो. यंत्राजवळ जाताना अंगठी, कडे काढून ठेवण्याची शिस्तही त्याच्या अंगवळणी पडलेली असते. जिभेतील खडा मात्र सुपरवायझरच्या नजरेतून सुटतो आणि आईच्याही. कानाचे छिद्र बाळी काढली की पुष्कळदा बुजत जाते. मागे सरकलेली हिरडी आपणहून परत येत नाही. गरज पडल्यास तोंडातील दुसऱ्या भागाची ऊती काढून तेथे लावावी लागते. उडालेला टवकाही पुन्हा उगवत नाही.

तेव्हा नथ आणि जिभेतील खडा यांतला फरक जुन्या-नव्याचा नाही, देशी-विदेशीचाही नाही. कानामागे सुश्रुतापासून गावच्या सोनारापर्यंत जमा झालेले ज्ञान उभे आहे. बगाडाच्या गळाला दिवसाची मुदत आहे. जिभेतील खड्याला अजून ना सोनार लाभला ना मुदत. परंपरेचे खरे मोल आम्हाला या जमा झालेल्या काळजीत दिसते. ती नसेल तर दंतवैद्याकडून वेळोवेळी हिरड्या तपासून घ्याव्यात, दातांवर खडा वाजवण्याची सवय सोडावी आणि शक्य तर तो काढूनच ठेवावा.

त्या दिवशी आम्ही त्या मुलीला संस्कृती सांगितली, हिरडीविषयी चकार शब्द काढला नाही. लोकसाहित्यात तिला चांगले गुण मिळाले. तिच्या प्रश्नाच्या उत्तराला गुण द्यायचे असते, तर आम्हा परीक्षकांना शून्यच द्यावे लागले असते.