कागदाची इयत्ता



गेल्या पावसाळ्यात आम्ही वस्तीसाठी एक पत्रक काढलं. शिष्यवृत्तीचा अर्ज कसा करायचा, एवढंच सांगायचं होतं. लिहिलं मीच. 'अनुसूचित जाती प्रवर्गातील पात्र विद्यार्थ्यांनी विहित नमुन्यातील अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रासह सादर करावेत.' आईच्या हातात पहिली प्रत दिली. ती प्रौढ वर्गात शिकलेली, बोट ठेवून वाचते. 'विहित'पाशी थांबली, पुढं गेली, शेवटी म्हणाली, "अक्षरं समदी लागली रं. पण करायचं काय, ते कुठं लिवलंय?"

मी म्हणालो, "तुझं वाचन कमी पडतंय."

हे मी बोललो. उठताबसता बाबासाहेबांचं नाव घेणारा मी. रात्री झोप लागेना. कागद अवघड की माणूस अडाणी, हे ठरवतं कोण? शोधत गेलो तर याचा अख्खा इतिहास अमेरिकेत सापडला. तो आपल्याही कामाचा आहे.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. तिथल्याच टीचर्स कॉलेजात तेव्हा एडवर्ड थॉर्नडाइक नावाचे मानसशास्त्रज्ञ शिकवत. १९२१ साली त्यांनी १०,००० इंग्रजी शब्दांचं पुस्तक काढलं. छापील मजकुरात कोणता शब्द किती वेळा येतो हे मोजून शब्दांचा क्रम लावला. नेहमीचा तो सोपा, क्वचितचा तो अवघड. पुस्तकं मोजायचं काम इथून जोरात सुरू झालं. पण हेच थॉर्नडाइक बुद्धी रक्तातून येते, वंशावंशात कमीजास्त असते, असंही मांडत. आपल्याला ही भाषा ओळखीची आहे. २०२० साली त्या कॉलेजानं आपल्या इमारतीवरचं त्यांचं नाव उतरवलं.

दुसरा माणूस रुडॉल्फ फ्लेश. व्हिएन्नाचा ज्यू वकील. १९३८ मध्ये नाझींपासून जीव वाचवून अमेरिकेत आला. परक्या भाषेत शिकला आणि त्याच कोलंबियातून १९४३ मध्ये डॉक्टर झाला. १९४८ साली त्यानं एक सूत्र दिलं आणि त्याला चक्क 'गज' म्हटलं. एका वाक्यात सरासरी शब्द किती? बोलताना एका शब्दाचे सरासरी तुकडे किती पडतात? या दोन आकड्यांवरून मजकुराला साधारण शून्य ते शंभर गुण. जास्त गुण म्हणजे सोपं. त्याच वर्षी एडगर डेल आणि जीन चॉल या दोघांनी चौथीच्या बहुतेक मुलांना ठाऊक असलेल्या सुमारे ३,००० शब्दांची यादी केली. यादीबाहेरचे शब्द जितके जास्त, तितका कागद वरच्या इयत्तेचा. १९७५ साली अमेरिकन नौदलासाठी किनकेड आणि त्यांच्या साथीदारांनी फ्लेशचं सूत्र असं बसवलं की उत्तर थेट इयत्तेतच यावं. फ्लोरिडा राज्यात तर कायदाच आहे, विम्याच्या पॉलिसीला या गजानं किमान ४५ गुण पाहिजेत.

यातली खरी गोष्ट ध्यानात घ्या. इथं परीक्षेला माणूस बसत नाही, कागद बसतो. नापास झाला तर लिहिणारा नापास.

पण त्याच देशात दुसरी मोजणी त्याच्याही आधीपासून चालू होती. १८९० साली मिसिसिपी राज्यानं घटनेत अट घातली. मत पाहिजे तर घटनेचं कलम वाचून दाखव, नाहीतर त्याचा अर्थ सांग. पास-नापास करणार गोरा कारकून. गोऱ्याला सोपं कलम, काळ्याला अवघड, हे त्याच्या मर्जीवर. इथं कागद तसाच राहिला, नापास झाली ती माणसं.

त्याला उत्तरही काळ्यांनीच दिलं. सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेनं संघटना सोडायला नकार दिला म्हणून १९५६ मध्ये तिची नोकरी गेली. पुढच्याच जानेवारीत साउथ कॅरोलिनाच्या जॉन्स बेटावर तिनं आणि साथीदारांनी एका दुकानाच्या मागच्या खोलीत प्रौढांचा वर्ग काढला. शिकवायला बर्निस रॉबिन्सन, धंद्यानं केस विंचरणारी बाई. तिनं लहान पोरांची पुस्तकं बाजूला ठेवली आणि विचारलं, तुम्हाला काय वाचायचंय? कुणाला सही करायची होती, कुणाला फॉर्म भरायचा होता, कुणाला मतासाठी ते कलम वाचायचं होतं. तोच धडा झाला. असे वर्ग दक्षिणेत पसरले. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानं दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत त्या परीक्षा थांबवल्या आणि १९७५ मध्ये त्या देशभर कायमच्या गेल्या.

आपल्याकडं बाबासाहेबांनी १९२८ मध्येच सायमन कमिशनपुढं प्रौढ मताधिकार मागितला होता. १९५० च्या घटनेनं मताला शिक्षणाची अट ठेवलीच नाही. अंगठेबहाद्दराचं मत आणि बॅरिस्टरचं मत सारखं. पण ती मोजपट्टी मागच्या दारानं परत येते. २०१५ साली हरियाणात पंचायतीला उभं राहायचं तर सर्वसाधारण पुरुषाला दहावी, बायांना आणि दलित पुरुषांना आठवी, पंच होऊ पाहणाऱ्या दलित बाईला पाचवी, अशी अट आली. त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. ज्यांना शाळेबाहेर ठेवलं, त्यांनाच विचारायचं, शिकला का नाहीस?

आता आपलं बघू. फ्लेशचा गज मराठीला जसाच्या तसा चालत नाही. 'शेजारणीबरोबरसुद्धा' केवढा लांब शब्द, पण आईला अडत नाही. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, शब्द लांबतो, अवघड होत नाही. उलट 'विहित' तीनच अक्षरांचा, तिथंच ती अडली. शिवाय वाक्यातले शब्द उलटेसुलटे केले तरी सूत्राला गुण तेवढेच. अर्थ त्याला कळत नाही. म्हणून आकडा सोडा, मुद्दा घ्या. आपण क्रांतीची पत्रकं काढतो आणि भाषा कचेरीची वापरतो. त्या कारकुनाचं काम आपणच करतो.

मी पत्रक फाडलं, नवं लिहिलं. 'मुलगा-मुलगी कॉलेजात आहे? सरकार शिष्यवृत्ती देतं. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा असतो. जमत नसेल तर संध्याकाळी विहारात या, आम्ही भरून देतो.'

आईनं बोट ठेवून वाचलं. कुठं थांबली नाही. मग म्हणाली, "उत्पन्नाचा दाखला कुणाकडनं आणायचा, ते राह्यलं की."

तेही लिहिलं. मगच छापायला दिलं.

जय भीम.