अंगाई आणि अर्भकाची संगीतजाण

बाळाला शांत करण्यासाठी किंवा निजवण्यासाठी म्हटलेले गाणे म्हणजे अंगाई. महाराष्ट्रात तिच्या शेजारीच बारशाचे व रामनवमीचे पाळणे आणि जात्यावरच्या ओव्या येतात.

गर्भातील मूल शेवटच्या तिमाहीत आवाज ऐकते. नवजात बाळ आईचा आवाज इतरांपेक्षा पसंत करते, हे डीकॅस्पर व फायफर यांनी 1980 मध्ये दाखवले. सँड्रा ट्रेहब यांच्या प्रयोगांनुसार चाल वरच्या-खालच्या पट्टीत नेली तरी काही महिन्यांचे बाळ ती ओळखते. एरिन हॅनन व ट्रेहब यांचा 2005 चा निष्कर्ष मराठी घरांसाठी विशेष मोलाचा आहे: सहा महिन्यांच्या उत्तर अमेरिकी बाळांना बाल्कन संगीतातील विषम मात्रांच्या लयीतले बदलही कळतात, पण वर्षाची होईपर्यंत कान घरच्या लयीकडे झुकतो. सात मात्रांचा रूपक ताल कानावर पडत वाढणाऱ्या मुलांवर असा अभ्यास व्हायलाच हवा.

घरच्या अशा गाण्यांचा मोठा ठेवा मराठीत जपला गेला आहे. पुण्यातून हेमा राईरकर व मूळचे फ्रान्सचे गी प्वातवाँ यांनी एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह उभा केला. बेर्नार बेल यांनी त्याला ध्वनिमुद्रणांची जोड दिली. मानसशास्त्राने या ठेव्याकडे अजून पुरेसे पाहिलेले नाही. त्यात लेकरावरच्या ओव्या विपुल आहेत, आणि बाईचे स्वतःचे दुःखही त्याच चालीत येते. बाळापर्यंत शब्दांचा अर्थ पोचत नाही. स्वर, लय आणि कुशीचा स्पर्श पोचतो.

शब्दांविना स्वर भावना पोचवतात का, हा प्रश्न बाळांपुरता नाही. हिंदुस्थानी रागातील भावना परक्या श्रोत्यांनाही उमगते का, हे बाल्कविल व थॉम्पसन यांनी 1999 मध्ये तपासले. हे संगीत अपरिचित असलेल्यांनीही आनंद, दुःख व क्रोध ओळखले.