नाशिक रोडचे आवाज आणि आतला कान

नाशिक रोडचा इतिहास लिहिताना रेल्वे, प्रेस आणि तोफखाना या तिन्ही गोष्टींचा उल्लेख ओघानेच येतो; परंतु या तिन्ही क्षेत्रांनी, आणि त्यांच्याही कितीतरी आधी जुन्या नाशकातील तांबटांच्या धंद्याने, कष्टकऱ्याच्या ज्या इंद्रियावर भार टाकला, त्या आतल्या कानाची दखल त्या इतिहासात क्वचितच घेतली जाते. या परिसराची भरभराट आवाजाच्या सोबतीने झाली आणि आवाजाने कान जातो हे ज्ञान त्यातल्या प्रत्येक आधुनिक उद्योगाच्या आगमनापूर्वीच उपलब्ध होते, ही गोष्ट म्हणूनच नोंदवण्याजोगी आहे.

आतला कान, अर्थात आंतरकर्ण, कानशिलाच्या कठीण हाडात बसलेला असतो. कर्णपटलाची कंपने हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन चिमुकल्या हाडांमार्फत कर्णावर्तापर्यंत, म्हणजे सुमारे अडीच वेढ्यांच्या, उलगडल्यास जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल अशा द्रवाने भरलेल्या नळीपर्यंत पोहोचतात. तेथील सुमारे १५ हजार केसपेशी, म्हणजे टोकाला सूक्ष्म केसांसारखे तंतू असलेल्या पेशी, द्रवाच्या हालचालीचे मज्जासंदेशात रूपांतर करतात. कर्णावर्ताला लागूनच तोल सांभाळणारा भाग आहे. त्यात परस्परांशी काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे वळणे टिपतात, कारण पाण्याने भरलेली घागर अचानक फिरवली की आतले पाणी जसे क्षणभर मागे राहते, तसाच नलिकेतील द्रव मागे राहून केसपेशींना वाकवतो; तर शेजारच्या दोन पिशव्यांमधील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक सरळ रेषेतील गती आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा कळवतात. ऐकणे आणि तोल या दोन्ही कामांसाठी द्रवाची व्यवस्था एकच आहे, आणि माणसाच्या कर्णावर्तातील केसपेशी एकदा मेल्या की त्यांच्या जागी नव्या उगवत नाहीत.

तांबे-पितळेच्या भांड्यांसाठी नाशिकची ख्याती जुनी असून १८८३ सालच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमधील नाशिकच्या खंडातही या धंद्याची दखल घेतलेली आहे. हंडा, घागर, बंब, घंगाळ अशी भांडी घडवताना शेवटी मठारकाम केले जाते, म्हणजे भांडे ऐरणीवर फिरवत त्याच्या सबंध पृष्ठावर हातोडीचे जवळजवळ ठोके दिले जातात, ज्यामुळे धातू कठीण होतो आणि त्यावर चमकदार खवले उठतात. भांडे पोकळ असल्याने प्रत्येक ठोक्याला ते स्वतःच घुमते, आणि कारागिराचे कान त्यापासून हातभर अंतरावरच असतात. बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात व्हेनिसच्या तांबटांचे नेमके हेच निरीक्षण आहे: दिवसभराच्या ठोकाठोकीने त्यांचे कान बिघडत आणि म्हातारपणी ते पुरते बहिरे होत. नाशिकच्या तांबट लेनमध्ये हा ग्रंथ कोणी वाचला असण्याचे कारण नाही. पण कमी ऐकू येणे हा धंद्याचाच भाग समजण्याची रीत मात्र व्हेनिसपासून नाशिकपर्यंत सारखीच होती.

१८६५ साली कसारा-इगतपुरी हा घाटातील टप्पा खुला झाला आणि मुंबईची रेल्वे नाशिकशी जोडली गेली. रेल्वेबरोबर बॉयलर, रिव्हेट आणि लोखंडी पूल आले. याच जिल्ह्यातील मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपात पुढे पुलांचे गर्डर घडू लागले. बॉयलरमधील रिव्हेट ठोकताना एक माणूस आत बसून टेकू धरी आणि त्याच्यासाठी बॉयलर म्हणजे सर्व बाजूंनी घुमणारी कोठडीच असे. ग्लासगोच्या थॉमस बार या कानाच्या डॉक्टराने १८८६ साली अशा १०० कामगारांची श्रवणशक्ती घड्याळाच्या टिकटिकीने तपासली, तेव्हा त्यांपैकी एकाचेही ऐकणे निकोप आढळले नाही. तुलनेसाठी त्याने टपाल वाटणारे १०० लोकही तपासले होते, हा तपशील टपाल तिकिटांच्या गावाला शोभणारा म्हणायचा.

कारण भारताची टपाल तिकिटे, जी तोवर लंडनच्या डी ला रू कंपनीत छापली जात, ती नाशिक रोडला छापण्यासाठी १९२५ साली इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि १९२८ साली तिच्या जोडीला करन्सी नोट प्रेस आली. छपाईयंत्राचा आवाज बॉयलरच्या किंवा तोफेच्या आवाजाच्या जातीचा नसतो. अखंड चालणाऱ्या यंत्रांच्या कोणत्याही कारखान्यात प्रश्न पातळीइतकाच तासांचाही असतो. आवाज डेसिबल या एककात मोजतात, ज्यात १० ची वाढ म्हणजे ऊर्जेत दहापट वाढ. भारतीय कारखाना नियमांनी ९० डेसिबलच्या आवाजात ८ तास, ९५ मध्ये ४ आणि १०० मध्ये २ तास अशी मर्यादा घातली आहे. अशा आवाजात सुरुवातीला पाळी संपल्यावर कान बधिर वाटतात आणि सकाळपर्यंत पूर्ववत होतात, पण वर्षांमागून वर्षे गेल्यावर ते पूर्ववत होईनासे होतात. प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपासचे, म्हणजे उंच पट्टीचे, ध्वनी जातात आणि त्यांबरोबर स, श, फ यांसारखी व्यंजने. त्यामुळे ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ ही तक्रार बहिरेपणाच्या किती तरी आधी सुरू होते.

तोफेची गोष्ट सर्वांत वेगळी आहे. देवळालीची लष्करी छावणी १८६१ सालची. त्याच वर्षी पॅरिसमध्ये प्रॉस्पेर मेनिएर याने चक्कर, कानातील गुणगुण आणि बहिरेपणा यांचे मूळ मेंदूत नसून आतल्या कानात असू शकते असे प्रतिपादन केले. पुढे आता पाकिस्तानात असलेल्या काकूलची तोफखाना शाळा देवळालीला आली आणि नाशिक रोड कॅम्पात तोफखाना केंद्र वसले. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी एम-७७७ आणि के-९ वज्र या तोफाही देवळालीतच लष्करात दाखल झाल्या. मोठ्या आवाजात कानाच्या मधल्या भागातील स्नायू हाडांची साखळी आवळून धरतात, पण त्याला सेकंदाचे काही शतांश भाग लागतात, तर तोफेच्या दाबाची लाट काही सहस्रांश भागांतच आत शिरते. म्हणून कानाचे हे नैसर्गिक संरक्षण तोफेपुढे कुचकामी ठरते. एकेका दणक्यासाठी नियमांत असलेली १४० डेसिबलची कमाल मर्यादा तोफेजवळ सहज ओलांडली जाते. रिकिबीच्या अगदी लगत असलेली तोलाची पिशवीही मोठ्या आवाजाला प्रतिसाद देते, त्यामुळे इजा श्रवणापुरतीच राहील असे नाही. तोलाची इजा मात्र दडून राहते, कारण डोळे आणि तळपायांची जाणीव तिची भरपाई करतात, आणि अंधारात किंवा खडबडीत जमिनीवर चालताना ती उघडी पडते.

आवाजाने येणारा बहिरेपणा कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, म्हणजे ज्यांची सूचना सरकारला देणे बंधनकारक होते अशा रोगांच्या यादीत समाविष्ट झाला. परंतु १९४८ च्या मूळ कायद्याने कारखाना ठरण्यासाठी विजेवर १० आणि विजेविना २० कामगारांची अट घातली, आणि पुढे महाराष्ट्रात ती वाढवून अनुक्रमे २० आणि ४० करण्यात आली. घरच्या ओटीवर दोघा-तिघांनी भांडी ठोकणारा तांबट, ज्याच्या धंद्याचे दुखणे १७०० सालीच लिहून ठेवले गेले होते, तो या व्याख्येत कधीच बसला नाही.